टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर? गाडीच्या दिव्यांचा फॉल्ट शोधताना दोन्ही वापरून बघितले

आधी निकाल सांगून टाकते. गाडीचे दिवे घरच्या घरी तपासायचे असतील आणि सध्या एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील, तर बल्बवाला टेस्ट लॅम्प घ्या. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारा मीटर, नंतर घेतला तरी चालेल, पण घ्याच. मला लॅम्प दीडशेच्या आत पडला आणि मीटर तीनशेच्या आत.

मी सावंतवाडी तालुक्यात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. पावसाळ्यात सकाळच्या फेरीला समोरचं धड दिसत नाही. मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात आणि पाठीमागून चिऱ्यांचा डंपर येत असतो. त्या डंपरवाल्याला माझा ब्रेक लाइट दिसलाच पाहिजे, यात तडजोड नाही. म्हणून दिव्यांच्या बाबतीत मी वायरमनच्या सवडीवर अवलंबून राहायचं सोडलं आणि ही दोन हत्यारं घेतली. दोन्ही बाजारात सर्रास मिळतात, त्यामुळे कंपनीच्या नावाला फारसा अर्थ नाही. लॅम्पवर तर नावच नाही. मीटर म्हणजे तो सगळीकडे दिसणारा पिवळा डीटी-८३०डी.

आमच्या कोकणात बल्ब उडणं हे सगळ्यात सोपं दुखणं. बल्ब काढला, फिलामेंट तुटलेली दिसली, नवा घातला, झालं. खरा त्रास देतो तो होल्डरमध्ये चढलेला हिरवट थर, गंजलेला बॉडी अर्थ (पत्र्यातून बॅटरीकडे करंट परतायची वाट), ओल धरलेला कपलर (दोन वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) आणि उंदरांनी कुरतडलेली वायर. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, कधी मंद लागतो, आणि गॅरेजमध्ये नेला की शहाण्यासारखा लागतो.

टेस्ट लॅम्प म्हणजे स्क्रू ड्रायव्हरसारखी पारदर्शक मूठ, आत १२ व्होल्टचा छोटा बल्ब, पुढे अणकुचीदार टोक आणि मागे क्लिप लावलेली वायर. क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला लावायची आणि टोक जिथे करंट यायला हवा तिथे टेकवायचं. बल्ब पेटला तर करंट आहे. सुरुवातीला एकदा बॅटरीच्या पॉझिटिव्हला टोक लावून लॅम्प स्वतः चालू आहे ना ते बघायचं. ही सवय लावून घ्याच, कारण मुठीतला बल्ब उडालेला असला तर अख्खी गाडी बंद असल्यासारखी वाटते.

फ्युज तपासायला तर याच्यासारखं दुसरं काही नाही. प्लेट फ्युजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. फ्युज न काढता, त्या सर्किटचा स्विच चालू ठेवून, दोन्ही ठिपक्यांना टोक लावायचं. दोन्हीकडे लॅम्प पेटला तर फ्युज चांगला. एकीकडेच पेटला तर उडालेला. कुठेच पेटला नाही तर करंट फ्युजपर्यंतच येत नाही, म्हणजे शोध त्याच्या मागे घ्यायचा. मीटरनेही हे होतं, पण त्यासाठी नजर एकदा ठिपक्यावर आणि एकदा आकड्यांवर ठेवावी लागते आणि तेवढ्यात हात हलतो. फ्युज बदलताना आकडा बघून तोच घाला. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. लाल उडतोय म्हणून पिवळा घालणारे महाभाग आहेत. तसं केलं की पुढच्या वेळी फ्युजऐवजी वायर जळते.

आता ज्या फॉल्टमुळे मी या लॅम्पची भक्त झाले तो सांगते. पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा उजळायच्या ऐवजी विझायचा. पार्किंग बंद करून ब्रेक दाबला की डावा ब्रेक लाइट मरतुकडा लागायचा आणि त्याच्याबरोबर नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्डचा उजेड, सगळंच मिणमिणायचं. एका वर्कशॉपमध्ये डाव्या टेललाइटचा अख्खा सेट आणि ब्रेकचा स्विच, दोन्ही बदलायला सांगितलं होतं. वायरला हातही न लावता.

मी मीटर घेऊन बसले. बल्ब काढला, मीटर २० व्होल्टवर ठेवला, लाल प्रोब (मीटरच्या वायरीचं धातूचं टोक) होल्डरच्या ब्रेकच्या टोकाला आणि काळा होल्डरच्या अर्थच्या पत्रीला. आईला ब्रेक दाबायला सांगितलं. मीटरने १२.३ दाखवले. म्हणजे कागदावर सगळं ठणठणीत! करंट येतोय, अर्थ मिळतोय, मग दिवा का लागत नाही? शेजारचे रिक्षावाले काका कुंपणाशी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "वयनी, मीटर ठेवा बाजूक. आधी लॅम्प लावा, करंट खयपर्यंत येता ता कळतला."

लॅम्पची क्लिप होल्डरच्या अर्थच्या पत्रीला लावली आणि टोक ब्रेकच्या टोकाला. लॅम्प जेमतेम लालसर झाला. क्लिप तिथून काढून बॉडीच्या एका घासलेल्या बोल्टला लावली, टोक तिथंच, आणि लॅम्प लख्ख पेटला. फॉल्ट सापडला. करंट नीट येत होता, परतीची वाट बंद होती. अर्थची काळी वायर आतल्या बाजूला ज्या बोल्टखाली होती तो बोल्ट पाण्याने खाऊन तपकिरी झाला होता आणि वायरच्या गोल टोकाखाली गंजाची पूड साठली होती. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरचं टोक नवं लावलं, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. जुनाच दिवा, जुनाच बल्ब, आणि उजेड नव्या गाडीसारखा.

मीटर खोटं बोलला का? नाही. जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. या मीटरमधून जाणारा करंट इतका नगण्य असतो की गंजातून, ओलीतून, एका केसाएवढ्या तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. नळ बंद ठेवून पाण्याचा दाब बघावा तसं ते आहे, दाब दिसतो आणि पाइप चोंदलेला कळत नाही. टेस्ट लॅम्प मात्र खरोखर करंट ओढतो. पाच वॅटचा बल्ब असेल तर साधारण ०.४ अँपिअर. तेवढं ओढलं की गंजलेला जोड लगेच उघडा पडतो.

विझणाऱ्या दिव्याचं कारणही त्यात आलं. मागच्या दिव्यात बहुतेक दोन फिलामेंटचा पी२१/५डब्ल्यू बल्ब असतो, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची पार्किंगची. दोघींचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून जाऊन ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि बाकीच्या पार्किंग दिव्यांमधून अर्थ शोधतो. म्हणून नंबर प्लेट नि डॅशबोर्ड मिणमिणतात. पार्किंग आणि ब्रेक दोन्ही चालू केले की दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, मग करंट वाहणार कुठून? दिवा विझतो. एक दिवा लावला की भलताच लागतो, असं दिसलं की बल्बच्या मागे लागू नका, पहिल्यांदा अर्थ बघा.

आता मीटरची बाजू. तो अडगळ आहे असं कुणी समजू नये, कारण लॅम्पची हद्द हेडलाइटपाशी संपते.

हेडलाइटचा एच४ हॅलोजन बल्ब अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅटचा, म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास करंट ओढणारा. एखाद्या कपलरमध्ये पाव ओहमचा अडथळा असला तर टेस्ट लॅम्पला त्याचं काही वाटत नाही, तो झकास पेटतो. पण पाच अँपिअर जायला लागले की तिथेच सव्वा व्होल्टच्या आसपास गळतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून कितीतरी वेगाने उतरतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड साधारण ३० टक्के कमी. हेडलाइट पिवळट दिसतात, लोक बल्ब बदलतात, मग महागडे बल्ब आणतात, मग १००/९० वॅटचे घालतात आणि त्या करंटने होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं. मुळातला सव्वा व्होल्ट कुणी शोधतच नाही.

तो शोधायचं काम या स्वस्त मीटरचं, आणि ते तो उत्तम करतो. पद्धत एकच लक्षात ठेवायची: दिवा लागलेला असतानाच मोजायचं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बल्ब होल्डरमध्ये. आधी बॅटरीवर मोजा. चार्जिंग ठीक असेल तर साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. मग बल्बच्या मागच्या टोकांवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर कुठेतरी गळती आहे. आता ती पॉझिटिव्हच्या बाजूला की अर्थच्या, ते वेगळं काढायचं. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब बल्बच्या अर्थच्या टोकाला. शून्याच्या जवळ, फार तर ०.१-०.२ यायला पाहिजे. माझ्या उजव्या हेडलाइटला ०.९ आले होते, म्हणजे तिथेही अर्थच. मागच्या दिव्यांपर्यंत प्रोब पोचत नाही, म्हणून मी लांब वायरीच्या दोन्ही टोकांना क्लिपा लावून ठेवल्या आहेत. एक क्लिप बॅटरीला, दुसरी काळ्या प्रोबला, आणि मीटर घेऊन निवांत डिकीपाशी बसायचं. काही गाड्यांत हेडलाइटचं अप्पर-डिपर अर्थच्या बाजूने बदलतं. तिथे ही मोजणी थोडी वेगळी येते. वायरिंगचा नकाशा बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

मीटर ओहमवर ठेवून बल्ब तपासायचा मोह होतो, त्याला माझा विरोध आहे. २१ वॅटचा बल्ब थंड असताना जेमतेम अर्धा-एक ओहम दाखवतो आणि या मीटरच्या स्वतःच्या वायरी जवळपास तेवढंच दाखवतात. फिलामेंट तुटली आहे की नाही एवढंच कळतं, आणि तेवढं डोळ्यांना किंवा बॅटरीला सरळ जोडूनही कळतं.

इंडिकेटर जलद टिकटिकायला लागला तर हत्यार काढायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. पुढचा किंवा मागचा २१ वॅटचा बल्ब गेलेला असतो. करंट कमी झाला की फ्लॅशरचा वेग वाढतो, ती चालकाला दिलेली सूचनाच आहे. एलईडी बल्ब घातल्यावर तसंच होतं, कारण एलईडी करंटच कमी ओढतो.

आतल्या दिव्यांचं प्रकरण मला स्वतःला जास्त आवडतं, कारण ते शांतपणे सावलीत बसून करता येतं. बऱ्याच गाड्यांत केबिनच्या दिव्याला १२ व्होल्ट कायम आलेले असतात आणि दाराचा स्विच फक्त अर्थ देतो. दार उघडलं की स्विच बाहेर येतो, बॉडीला टेकतो, दिवा लागतो. पावसाचं पाणी दारातून त्या स्विचवरच ठिबकतं. दिवा लागत नसेल तर स्विचचा स्क्रू काढून तो हलकेच बाहेर ओढा, पण वायर आत निसटू देऊ नका, ती परत काढताना जीव जातो. लॅम्पची क्लिप बॉडीच्या अर्थला लावून टोक त्या वायरीला टेकवा. केबिनचा दिवा आणि लॅम्प दोन्ही मंद पेटले तर वायर आणि बल्ब दोन्ही चांगले, दोष स्विचच्या गंजात. शाळेच्या व्हॅनमध्ये हा दिवा म्हणजे चैन नाही. संध्याकाळी उतरताना लहान मुलाला पायरी दिसायला हवी.

उलट दुखणं म्हणजे दिवा बंदच न होणं. १० वॅटचा केबिनचा दिवा पाऊण-एक अँपिअर ओढतो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत त्यावर राहिली की स्टार्टर फिरायचं नाव घेत नाही. दिवा विझलेला दिसतो आणि तरी बॅटरी उतरते, तेव्हा मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मालिकेत जोडून, म्हणजे केबल सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर घालून, करंट मोजावा लागतो. सगळं बंद करून थोडा वेळ गेल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर काळजी नाही. जास्त आला तर एकेक फ्युज काढत जायचं, ज्या फ्युजला आकडा खाली येतो ते सर्किट धरायचं.

आणि इथेच या स्वस्त मीटरची सगळ्यात मोठी उणीव आहे. नीट वाचा. करंट मोजायला लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते, आणि माझ्या मीटरवर त्या भोकापाशी स्वच्छ लिहिलंय की त्याला फ्युज नाही, एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त वापरू नका. लाल वायर त्याच भोकात राहिली आणि तुम्ही सवयीने बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात, तर दोन्ही टोकं सरळ शॉर्ट होतात. मीटर जळतो, प्रोब जळतो, हात भाजतो. काम झाल्याक्षणी लाल वायर परत व्होल्टच्या भोकात. मीटर मालिकेत असताना चावी फिरवायची नाही, दार उघडायचं नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. घरात दुसरं कुणी ही वस्तू वापरणार असेल तर थोडे जास्त पैसे घालून फ्युज असलेला मीटर घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

उंदरांचा फॉल्ट टेस्ट लॅम्पलाही जड जातो, पण त्याचाच भाऊ कामाला येतो. फ्युज घातला की उडतोय, घातला की उडतोय, तेव्हा फ्युजच्या जागी २१ वॅटचा एक बल्ब दोन वायरी लावून जोडायचा, आणि त्या फ्युजवरचे सगळे दिवे काढून ठेवायचे. शॉर्ट आहे तोवर हा बल्ब लख्ख पेटलेला राहतो आणि करंट दोन अँपिअरच्या आतच अडवतो, त्यामुळे वायर तापत नाही. मग वायरिंग एकेका ठिकाणी हलवत जायचं. जिथे हलवल्यावर बल्ब विझला, तिथे वायर पत्र्याला टेकलेली असते. माझ्याकडे ती बोनेटच्या आत, हेडलाइटच्या मागच्या कोपऱ्यात निघाली. दोन वायरींचं प्लॅस्टिक सोलल्यासारखं खाल्लेलं होतं आणि खाली लेंड्या पडल्या होत्या. फ्युज बदलत बसले असते तर पाकीट संपलं असतं.

काय आवडलं नाही तेही लिहिते. लॅम्पची वायर तोकडी आणि कडक आहे, क्लिपचे दात मऊ आहेत. मी पहिल्या महिन्यातच मऊ, लांब वायर लावून घेतली. टोक इतकं तीक्ष्ण आहे की लोक वायरीच्या प्लॅस्टिकमध्ये खुपसतात. कोकणात तर हे करूच नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरात आतली तांब्याची तार काळी पडते. कपलरच्या मागच्या बाजूने टोक घाला, तिथे जागा असते. मीटरचे प्रोब जाड आहेत, बारीक कपलरमध्ये जात नाहीत, त्यांना मी शिवणाच्या सुया बांधून घेतल्या. मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे चढे येतात, म्हणून कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह बघत जा.

एअरबॅगच्या वायरींना, म्हणजे पिवळ्या कपलरांना, यातलं काहीही लावायचं नाही. लॅम्प नाही, मीटर नाही, सुई नाही. इंजिनच्या किंवा बॉडीच्या कंट्रोल युनिटच्या वायरींनाही बल्बवाला लॅम्प लावू नका, तो ओढतो तेवढा करंट तिथल्या सर्किटला सोसत नाही. नव्या गाड्यांत दिवे कंट्रोल युनिटवर चालतात, करंट सेकंदाला अनेक वेळा तुटक सोडला जातो आणि साधा मीटर तिथे १२ च्या जागी आठ-नऊ दाखवतो. तो फॉल्ट समजून वायरिंग उसवू नका, स्कॅनर असलेल्याकडे जा.

लॅम्प विकत घेताना दुकानदाराला एकच विचारा, आत बल्ब आहे की एलईडी. एलईडीवाला पेन दिसायला छान असतो, पण तो करंट ओढत नाही, म्हणजे मीटर जिथे फसवतो तिथे तोही फसवतो. बल्बवालाच घ्या, आणि आतला बल्ब बदलता येतो ना ते झाकण फिरवून दुकानातच बघा.

जाता जाता नंबर प्लेटच्या दिव्याबद्दल, कारण तो तपासायचं कुणाच्या मनातच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०५ प्रमाणे मागचा नंबर रात्री १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. रात्री गाडी अंगणात लावून, दिवे चालू ठेवून, मोठ्या पंधरा ढांगा मागे जा आणि नंबर वाचून बघा. वाचता आला नाही तर आधी काच काढून आतून पुसा. बल्ब बरेचदा चांगला असतो, काचेला आतून शेवाळ धरलेलं असतं.